आधी खडक, मग नाव

अगं, तू बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलंस असं दादाने फोनवर सांगितलं आणि त्या रात्री मी माळ्यावरची जुनी फील्डबुकं खाली काढली. तीस वर्षं विहिरी आणि बोअरच्या जागा बघत हिंडले मी. त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं सांगते.

खडक समोर आला की लगेच ‘बेसाल्ट’ म्हणून मोकळी होऊ नकोस. पुण्यात राहून तू डोळे मिटून बेसाल्ट म्हणालीस तरी बहुतेक वेळा बरोबरच येईल, आणि तिथेच घात होतो. आपला हा दख्खनचा लाव्हा आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. एवढ्या सगळ्याला एकच नाव देऊन काहीच कळत नाही. हाताला जड लागतो का? कण डोळ्यांना दिसतात का? भोकं आहेत का, असली तर रिकामी की पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरलेली? भेगा उभ्या की आडव्या? हे आधी वहीत लिही. नाव सगळ्यात शेवटी.

मला हे एका विहीर खोदणाऱ्या बुजुर्गांनी शिकवलं. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. विहिरीत उतरून मी वहीत ‘बेसाल्ट’ एवढंच लिहिलं आणि वर आले. त्यांनी विचारलं, “कुठला, ताई? मांजऱ्या की काळा पाषाण?” मला उत्तर देता येईना. त्यांच्या लेखी ते दोन वेगळे खडक होते आणि पाण्याच्या हिशेबाने ते खरंच वेगळे असतात. मांजऱ्या म्हणजे लाव्ह्याच्या थराचा भोकाळ भाग. तो लवकर झिजतो आणि पाणी धरतो. काळा पाषाण म्हणजे थराचा घट्ट गाभा. त्यात भेगा असतील तरच पाणी. दोन थरांच्या मध्ये लाल माती लागते, तिला ते गेरू म्हणायचे. बोअरमध्ये गेरू लागला की भिंत ढासळते, तिथे केसिंग घालावंच लागतं. पुस्तकातले शब्द पाठ कर, परीक्षेला तेच लागतात. पण विहीरवाले, खाणवाले, बोअरवाले यांच्याशी बोलत जा. त्यांचे शब्दही वहीत उतरवून घे.

वही जागेवरच भरायची, पेन्सिलने. शाई पावसात पसरते. “रात्री मुक्कामावर लिहू” हा बेत करू नकोस. दुसऱ्या वर्षी मी स्टिल्बाइटचा एक सुंदर गुच्छ आणला होता, मोरपिसासारखा उघडलेला. त्याच्यावर ना नंबर टाकला होता, ना जागा लिहिली होती. सरांनी तो हातात फिरवला आणि म्हणाले, “हा आता दिवाणखान्यात ठेव.” जागा माहीत नसलेला नमुना अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही. फोटो काढ, पण आधी चित्र काढ, आणि मापासाठी पेन किंवा नाणं शेजारी ठेव. हाताने रेघ ओढताना थर कुठे संपतो ते ठरवावंच लागतं, फोटो काढताना ते टाळता येतं.

भिंग दहापट मोठं दाखवणारं घे आणि दोरीने गळ्यात अडकव. ते डोळ्याला टेकवायचं आणि खडक भिंगाजवळ आणायचा. लांब धरून बघणाऱ्यांना कण दिसतच नाहीत. हातोडी मारताना गॉगल लाव. ताजा तुकडा फोडल्याशिवाय मत देऊ नकोस, वरची तपकिरी साल फसवते. होकायंत्राने थराचा उतार आणि दिशा, म्हणजे डिप-स्ट्राइक, घेताना हातोडी लांब ठेव. आपल्या खडकातच मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे सुई कधी कधी खडकापाशीही चळते. दोन पावलं मागे सरून पुन्हा बघ.

सूक्ष्मदर्शकाच्या तासाला कंटाळू नकोस. 0.03 मिलिमीटर जाडीच्या कापात प्लॅजिओक्लेजचे काळे-पांढरे पट्टे पहिल्यांदा दिसले, तेव्हा मी जेवायला जायचं विसरले होते.

एकाच खडकावर वाढलेल्या मुलांचा डोळा अर्धा राहतो. सुट्टीत चंद्रपूरकडे जा. तिथे गोंडवनाचा कोळसा आहे आणि पिसदुऱ्याजवळ लॅमेटा थरांत डायनासोरचे जीवाश्म सापडलेत. सिंधुदुर्गात जांभ्याखाली किती जुने खडक दडलेत ते बघ. गणित आणि रसायन सोडू नकोस, पुढे दोन्ही लागतात.

नोकरीची घाई नको. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण 1851 पासून चालू आहे, पण तिथे जाण्यासाठी यूपीएससीची भू-वैज्ञानिकांची परीक्षा द्यावी लागते आणि तिला एम.एस्सी. हवी. आयआयटीतून एम.एस्सी. करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा दे, तयारी दुसऱ्या वर्षापासून धर.

आणि हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही. फील्डवर लघवीला जायची वेळ आली की संकोच न करता गाडी थांबवायला सांग. आम्ही अख्खा दिवस पाणी न पिता काढायचो आणि मग आजारी पडायचो. भरपूर पाणी पी, पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. पावसाळ्यात घाटातल्या कापलेल्या कड्याखाली उभी राहू नकोस, तिथे कितीही सुंदर थर दिसत असला तरी.

पहिली सहल बहुतेक सिंहगडाला जाईल. आपल्या खडकाला ट्रॅप म्हणतात तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, आणि डोंगर लांबून तसाच दिसतो. पण प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा वेगळा थर असेलच असं नाही. पायथ्यापासून चढत जा, भोकाळ माथे आणि लाल पट्टे शोध, आणि किती थर भरले ते मला रात्री कळव. माझ्या वहीतला आकडा मी त्यानंतरच सांगेन.