माशीच्या कोठारातील दगड

पौष-माघात देवगड-मालवणकडील आमराया मोहरतात आणि मोहरावर इवलेसे तुडतुडे येतात. सोंड खुपसून ते झाडाचा रस शोषतात. त्या रसात साखर उदंड, पण नत्रयुक्त अन्न थोडे; म्हणून रस पुष्कळ प्यावा लागतो आणि जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. पाने चकाकू लागतात, मुंग्यांची रीघ लागते. पुढे त्यावर काळी बुरशी चढते. बागाईतदार या चिकट्याला शाप समजतो, ते उगीच नव्हे.

मधमाशीला मात्र गोड ते गोड. मकरंदाची टंचाई झाली, की कीटकांचा असा स्रावही ती पोळ्यात नेते. युरोपातील सूचिपर्णी अरण्यांत तर अशा काळपट, दाट मधाला चांगली मागणी असते. परंतु तेथील काही मावा-किडे झाडाच्या साखरेपासून मेलेझिटोज ही निराळीच साखर बनवतात. (लार्च वृक्षाच्या ‘मेलेझ’ या फ्रेंच नावावरून तिचे नाव पडले.) तिच्यात ग्लुकोजचे दोन व फ्रुक्टोजचा एक असे तीन घटक जोडलेले असतात. ती फार लवकर खडे धरते. तिचे प्रमाण वाढले, की मध पोळ्यातच थिजतो आणि यंत्र फिरवूनही निघत नाही. मधपाळ त्याला ‘सिमेंट मध’ म्हणतात.

मधपाळाची हानी होते खरी; जिवावरचे संकट मात्र माश्यांवर. हिवाळ्यात त्यांना पाण्यासाठी बाहेर पडता येत नाही आणि पाण्यावाचून हे खडे विरघळत नाहीत. जी साखर पोटात जाते तीही नीट पचत नाही, हगवण लागते. कोठारे भरलेली असताना वसाहत उपाशी मरते. म्हणून जाणते मधपाळ थंडीपूर्वीच अशी पोळी काढून घेतात व माश्यांपुढे साखरेचा पाक ठेवतात.