पोपला दुखावण्याचा खर्च

'मेडिइव्हल २: टोटल वॉर' (२००६) खेळणारे फ्लोरिनचा हिशोब चोख ठेवतात. घोडदळ केवढ्याला, तटबंदी केवढ्याला, हे तोंडपाठ असतं. रोमच्या खात्याकडे मात्र वाळीत पडल्यावरच लक्ष जातं. मोहीम १०८० ते १५३० अशी २२५ टर्नची, म्हणजे एका टर्नला दोन वर्षं. रोमशी बिघडलेलं निस्तरण्यात त्यातले बरेच टर्न जाऊ शकतात.

व्हेनिस घेऊन खेळताय आणि मिलानच्या ताब्यातल्या जेनोआला वेढा घातलाय, असं धरा. दोघंही कॅथलिक, म्हणून पोपचं फर्मान येतं: इतके टर्न मिलानवर हल्ला करायचा नाही. मुदत पाळली की मर्जी वाढते, मोडली की बहिष्कार. वेढा उठवण्याचा खर्च म्हणजे वाया गेलेले टर्न आणि तेवढे दिवस फौजेचा पगार. माझ्या मते हा सौदा जवळपास नेहमीच स्वस्त पडतो. मधल्या काळात फौज बंडखोरांच्या एखाद्या शहरावर न्या, त्याला पोपची हरकत नसते.

बहिष्काराचं बिल हप्त्याहप्त्याने येतं. आधी शहरांतली प्रजा बिथरते. ती आवरायला शिबंदी वाढवावी लागते, आणि शहर फुकट पोसतं त्या मोजक्या मिलिशिया तुकड्या. वरच्या प्रत्येक तुकडीचा पगार खजिन्यातून जातो. मग शेजारी सरसावतात, कारण तुमच्यावर हल्ला केला म्हणून त्यांना रोमचा जाब द्यावा लागत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तुमच्याच शहरावर क्रुसेड पुकारलं जाऊ शकतं. शिवाय स्वतः क्रुसेडवर जाण्याची सोय बंद होते. हे नुकसान पटकन लक्षात येत नाही, पण मोठं आहे: आठ तुकड्यांची फौज क्रुसेडवर निघाली की वाटेत तिला पगार द्यावा लागत नाही आणि ती वेगाने चालते. (रेंगाळलात तर सैनिक पळतात, तो भाग वेगळा.)

इथे खेळ इतिहासापेक्षा कडक आहे. सम्राट फ्रेडरिक दुसरा १२२७ मध्ये बहिष्कृत झाला, तरीही क्रुसेडवर गेला आणि १२२९ मध्ये तह करून जेरुसलेम मिळवून आला.

परतीचे रस्ते थोडे आहेत. डिप्लोमॅटकरवी पोपला नजराणे पाठवता येतात, पण आधीच बिनसलं असेल तर पैसा मुरत राहतो आणि फळ उशिरा मिळतं. इंग्लंडच्या जॉन राजाने १२१३ मध्ये पोपपुढे शरणागती पत्करली, तेव्हा वर्षाला १००० मार्क खंडणी कबूल केली होती. त्या मानाने खेळातले दर सौम्यच म्हणायचे. दुसरा रस्ता, पोपच्या मरणाची वाट पाहणं. नवा पोप आला की बहुधा जुनं मिटतं. म्हणून पोप म्हातारा असेल आणि समोरचं शहर खरंच मोलाचं असेल, तर फर्मान मोडणंही परवडतं. तरुण पोप असताना हा जुगार नको. मारेकरी पाठवणारेही आहेत, पण तो पकडला गेला तर उरलीसुरली पतही जाते. रोम जिंकूनही सुटका नाही, नवा पोप निवडला जातोच.

पैसे घालायचेच तर भांडणाआधी घाला. चर्च बांधा, पाद्री तयार करून परक्या धर्माच्या मुलखात धाडा. ते कार्डिनल झाले की पोपच्या निवडणुकीत मतं मिळतात. त्यातलाच एखादा पोप झाला तर चांदीच. मर्जी भरपूर असली की फर्मान मोडणारा शेजारी वाळीत पडण्याची वाट पाहा. मग त्याच्यावर खुशाल चालून जा, त्यासाठी रोम तुम्हाला काही म्हणणार नाही.

हे खातंच नको असेल तर बायझंटाइन किंवा रशिया घ्या. ऑर्थोडॉक्स असल्याने फर्मानं येणार नाहीत, पण पूर्वेकडून मंगोल येतील.