टपाल पोहोचविणाऱ्या संगणकाने कोणाच्या आज्ञा पाळाव्यात?



पोस्टमनच्या हाती एक पाकीट पडले आणि त्यावर नाव-पत्त्याच्या जागी 'या गल्लीतील सर्व घरांची कुलपे उघड' असे लिहिलेले निघाले, तर तो काय करील? हसेल आणि पाकीट बाजूला टाकील. माणसाला जे न सांगता कळते, ते संगणकाला सांगितल्यावाचून कळत नाही. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी अमेरिकेत अशीच पाकिटे संगणकांच्या टपालात पडू लागली, आणि अनेक संगणकांनी त्यांवरची आज्ञा निमूटपणे पाळली.

संगणकांवरील टपाल पोहोचविण्याचे काम जो प्रोग्रॅम करतो, त्याला मेल सर्व्हर म्हणतात. त्या काळी युनिक्स पद्धतीच्या संगणकांवर हे काम बहुधा 'सेंडमेल' नावाचा प्रोग्रॅम करीत असे. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी तो लिहिला होता.

आता तुमच्या मनात पहिली शंका येईल ती अशी, की टपाल वाटणाऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या कोणाच्या आज्ञा पाळाव्यातच कशाला? पत्र आले, पेटीत टाकले, काम संपले! पण असे पाहा. एक प्राध्यापक महिनाभर रजेवर गेले आहेत. त्यांना येणाऱ्या प्रत्येक पत्राला 'मी रजेवर आहे, परतल्यावर उत्तर देईन' असे उत्तर आपोआप जावे, अशी त्यांची इच्छा आहे. यासाठी 'व्हेकेशन' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. प्राध्यापक आपल्या खात्यातील एका फाईलमध्ये पत्त्याऐवजी एक उभी रेघ ओढतात आणि तिच्यापुढे या प्रोग्रॅमचे नाव लिहितात. उभी रेघ दिसली की सेंडमेल समजतो, 'हे पत्र पेटीत टाकायचे नाही, या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचे.' सोय खरोखर चांगली आहे. ती बंद करून टाका म्हणणे सोपे, पण त्याने प्राध्यापकांचा प्रश्न सुटत नाही.

रेघेपुढची ओळ सेंडमेल स्वतः वाचीत नाही. ती तो 'शेल' नावाच्या दुभाष्याकडे देतो. शेल फार गुणी आहे. त्याला संगणकावरील प्रत्येक प्रोग्रॅम ठाऊक असतो, आणि एका ओळीत अर्धविराम देऊन दोन-तीन आज्ञा लिहिल्या तर त्या तो एकामागून एक पार पाडतो. म्हणून 'व्हेकेशन जोशी' एवढेच लिहिले तर रजेचे उत्तर जाते. पण 'व्हेकेशन जोशी; आरएम *' असे लिहिले तर रजेचे उत्तर जाते आणि शिवाय त्या कप्प्यातील फायली पुसल्या जातात, कारण 'आरएम' ही पुसण्याची आज्ञा आहे. शेलला दोन्ही कामे सारखीच.

प्राध्यापकांच्या फाईलमध्ये प्राध्यापकच लिहितात, तोवर ठीक. १९८८ मध्ये मात्र बाहेरचा माणूसही असे लिहू शकेल अशी एक फट राहिली होती. सेंडमेलमध्ये 'डीबग' नावाची एक आज्ञा होती. प्रोग्रॅम तयार करताना तपासणी सोपी व्हावी म्हणून ती ठेवलेली होती, आणि पुष्कळ संगणकांवर ती तशीच चालू राहून गेली. ती दिली की पत्र पाठविणाऱ्याला पत्त्याच्या जागी सरळ आज्ञाच लिहिता येई. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने लिहिलेल्या 'किड्या'ने, म्हणजे स्वतःच्या प्रती काढीत एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या प्रोग्रॅमने, हीच वाट धरली. पत्राच्या मजकुरात एक लहानसा प्रोग्रॅम लिहिलेला असे. पत्त्यातली आज्ञा पत्राचा वरचा मथळा कापून टाकी आणि उरलेला मजकूर शेलच्या हवाली करी. शेल त्यातून प्रोग्रॅम तयार करून चालवी, आणि तो प्रोग्रॅम किड्याचा बाकीचा देह मागल्या संगणकावरून ओढून आणी. (किड्याजवळ आत शिरण्याच्या आणखीही वाटा होत्या, गुप्तशब्द अंदाजाने ओळखणे ही त्यांपैकी एक.) एकाच संगणकावर किड्याच्या इतक्या प्रती जमत, की त्याला दुसरे काही करणे अशक्य होई. सुमारे ६,००० संगणकांना त्याची बाधा झाली असा त्या वेळचा अंदाज होता. पुढे १९९० मध्ये मॉरिसला न्यायालयाने तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि दंडाची शिक्षा दिली.

'डीबग'ची फट लगेच बुजविली गेली. पण एवढा मोठा प्रोग्रॅम म्हटल्यावर आणखी फटी सापडणारच, आणि तशा त्या सापडल्या. तेव्हा निराळा विचार पुढे आला. फट कोठे आहे हे आपल्याला आधी कळणार नाही; पण तिच्यातून आत शिरणाऱ्याच्या हाती काय लागावे, हे तर आपण ठरवू शकतो? १९९३ मध्ये 'स्मर्श' आले ते या विचारातून. नावाची फोड 'सेंडमेल रिस्ट्रिक्टेड शेल', म्हणजे सेंडमेलसाठीचे मर्यादित शेल.

त्याचे काम समजण्यासाठी परीक्षेचे उदाहरण घेऊ. वर्गात काय आणू नये याची यादी करू लागलो तर ती कधीच पुरी होणार नाही. दरवर्षी कोणीतरी नवी युक्ती काढतोच. म्हणून सूचना उलट बाजूने लिहितात: पेन, पेन्सिल, पट्टी आणि प्रवेशपत्र एवढेच आणावे. उरले ते सर्व बाहेर. स्मर्श तेच करते. संगणकाचा व्यवस्थापक 'एसएम.बिन' नावाच्या एका कप्प्यात मोजके प्रोग्रॅम ठेवतो. सेंडमेलने शेलऐवजी स्मर्शला हाक मारायची, आणि स्मर्शने त्या कप्प्यातलेच प्रोग्रॅम चालवायचे. कप्प्यात नसलेले काहीही मागितले की नकार.

यात दोन बारकावे आहेत. पहिला असा, की ओळीत अर्धविराम, डॉलरचे चिन्ह, < किंवा >, कंस, उलटे अवतरणचिन्ह असले काही दिसले की स्मर्श ती ओळ नाकारते. कारण शेवटी परवानगी मिळालेली ओळ खऱ्या शेलकडेच जाते, आणि त्याच्या लेखी ही चिन्हे म्हणजे चोरवाटा. दुसरा बारकावा मला अधिक आवडतो. कोणी '/होम/चोर/व्हेकेशन' असा लांबलचक मार्ग लिहिला, तर स्मर्श रागावत नाही. शेवटच्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग ते कापून टाकते आणि आपल्या कप्प्यातले 'व्हेकेशन' चालविते. विद्यार्थ्याने घरून लॉग टेबल आणले, तर पर्यवेक्षकाने ते काढून घेऊन केंद्राचे कोरे लॉग टेबल हाती द्यावे, तसे हे आहे. घरच्या टेबलात पेन्सिलीने काय काय लिहिलेले असते, हे शिक्षकांना सांगायला नको!

अर्थात कप्प्यात काय ठेवले यावर सारे अवलंबून आहे. स्मर्शच्या माहितीपत्रकात व्यवस्थापकाला बजावले आहे, की कोणी कितीही गळ घातली तरी कप्प्यात शेल किंवा 'पर्ल'सारखा प्रोग्रॅम ठेवू नका. पर्लला जे लिहून द्याल ते तो करतो, म्हणजे एकाला परवानगी देऊन सर्वांना दिल्यासारखेच झाले. पत्रे निवडणारा 'प्रोकमेल'ही नको, कारण तोही वापरणाऱ्याच्या सांगण्यावरून इतर प्रोग्रॅम चालवितो.

पहारेकऱ्याकडूनही चूक होते. पुढील काळात लोकांच्या सोयीसाठी '||' हे जोडचिन्ह स्मर्शने चालवून घ्यावे असे ठरले. ('पहिली आज्ञा फसली तर दुसरी पाळ' असा त्याचा अर्थ.) २००२ मध्ये आढळले की या चिन्हामागे लिहिलेली आज्ञा पुरेशी तपासली जात नाही, आणि कप्प्याबाहेरचे प्रोग्रॅमही चालविता येतात. सेंडमेलच्या कर्त्यांना दुरुस्ती काढावी लागली.

आता हे वर्गात करून पाहा. एका विद्यार्थ्याने स्मर्श व्हावे, दुसऱ्याने शेल. कप्प्यात फक्त 'व्हेकेशन' आहे असे धरा. इतरांनी चिठ्ठीवर एकेक ओळ लिहून स्मर्शकडे द्यावी. सुरुवातीला या तीन घ्या:

(अ) आरएम *
(आ) /होम/चोर/व्हेकेशन जोशी
(इ) व्हेकेशन जोशी; आरएम *

यांपैकी एकच ओळ शेलपर्यंत पोहोचते, आणि तीही जशी लिहिली तशी नव्हे. हे जमल्यावर एक अवघड प्रश्न: कप्प्यात पर्ल ठेवायचा नाही, पण व्यवस्थापकाने पर्लमध्ये लिहून ठेवलेला एखादा प्रोग्रॅम ठेवला तर माहितीपत्रकाची हरकत नाही. असे का? त्या प्रोग्रॅममधील मजकूर कोणी लिहिला आणि तो कोणाला बदलता येतो, याचा विचार करा म्हणजे उत्तर सापडेल.