प्रतिस्पर्ध्याची निवड

सिडकोने खाडीकाठी आखून वसविलेल्या उलव्यात पुष्कळशी कुटुंबे अलीकडेच राहावयास आलेली असल्यामुळे बुद्धिबळाच्या पटावर समोर बसणारा मनुष्य सहजी मिळत नाही. गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींत आपल्याहून वरचढ खेळणारे काका आणि आपल्याकडून हरणारे पोर एकाच जिन्यावर भेटत, तशी सोय येथे अद्याप व्हावयाची आहे, आणि म्हणून येथील मुले खारकोपरहून नेरूळकडे जाणाऱ्या गाडीतदेखील मोबाइलवर परक्या मुलखातील अनोळखी माणसाशी डाव मांडतात. चाळीत प्रतिस्पर्धी दैवाने मिळे. आता तो निवडण्याची मुभा आहे, परंतु तिचा विनियोग कसा करावा हे मुलांना कोणी सांगत नाही.

माझ्याकडे डाव समजून घ्यावयास येणाऱ्या एका मुलाने प्रतिस्पर्ध्याच्या गुणांकनाची मर्यादा स्वतःहून बरीच खाली ठेवली होती. आकडा हळूहळू चढत होता आणि घरची मंडळी संतुष्ट होती; मी मात्र त्याचे डाव एकामागून एक तपासले तेव्हा मला खरोखर भीती वाटली. दुसऱ्याच खेळीला वजीर बाहेर काढावा, उंटाच्या साहाय्याने राजाशेजारच्या प्याद्यावर नेम धरावा आणि चौथ्या खेळीत मात द्यावी, हा त्याचा शिरस्ता होऊन बसला होता. पुढे एका स्पर्धेत समोरच्या मुलीने प्यादे एक घर सरकवून वजिराला हुसकावले, घोडा आणून वाट अडविली, आणि तिची मोहरी एकेक करून बाहेर पडत असता याचा वजीर आश्रय शोधीत हिंडत राहिला. मध्यडावात योजना आखण्याचा प्रसंगच त्या मुलावर कधी आला नव्हता, याचे मला पराभवापेक्षा अधिक वाईट वाटले.

शिवाय दुर्बळांशीच खेळण्याचा हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे. अर्पाद एलो यांच्या ज्या गुणांकन पद्धतीचा जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970 साली स्वीकार केला, तिच्या हिशेबाने 200 गुणांनी सरस खेळाडूकडून शंभर डावांत सुमारे 76 गुणांची अपेक्षा असते. एका डावाने गुणांकन किती हलावे हे ठरविणारा गुणक 20 धरला, तर त्या सरस खेळाडूच्या खात्यात जिंकून सुमारे पाच गुण जमा आणि हरून पंधरा खर्ची. संकेतस्थळांवर पुष्कळदा ग्लिको नावाची सुधारलेली पद्धती असते, तरी जमाखर्चाचे तत्त्व तेच.

सदैव बलाढ्यांशीच झुंजणेही मी हितावह मानीत नाही, कारण डाव नेमका कोठे निसटला हेच कळेनासे होते. या बाबतीत बुद्धिबळपटू खाडिलकर भगिनींचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. 1976 साली, वयाच्या 13 व्या वर्षी, रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गहजब झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी दिला. वरचढ प्रतिस्पर्धी लाभावा म्हणून केवढा हा झगडा! पण त्याच वेळी वासंती आणि जयश्री या राष्ट्रीय विजेत्या भगिनींच्या रूपाने तोलामोलाची जोड घरातच होती. 1981 साली रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या.

तेव्हा माझे सांगणे असे, की बहुतेक डाव आपल्या गुणांकनाच्या शंभराच्या आतबाहेर असलेल्यांशी खेळावेत, आणि चार-पाच डावांमागे एखादा दीडशे-दोनशे गुणांनी वरचढ असलेल्याशी. तोही प्रत्येकी पंधरा मिनिटे व खेळीमागे दहा सेकंद अशा मुदतीचा, कारण तीन मिनिटांच्या डावात बलवानाकडून शिकण्यास फुरसतच उरत नाही. डाव संपताच संगणकाला कौल न मागता आपली चूक प्रथम आपणच हुडकावी. दुर्बळ केलेल्या यंत्राशी खेळून माणसाशी खेळण्याचा सराव होतो असेही समजू नये; ते दहा खेळ्या उस्तादासारख्या करते आणि अकरावीला विनाकारण हत्ती देऊन टाकते, आणि अशा चुका माणसे सहसा करीत नाहीत.

कनिष्ठ प्रतिस्पर्ध्याला मात्र सर्वस्वी टाळू नये. त्याच्याशी बिनगुणांकनाचा डाव मांडावा, नवा प्रारंभ पारखावा, आणि शेवटी त्याचे कोठे चुकले ते दोन ओळींत लिहून कळवावे. पुष्कळदा त्याच्याकडून उलट प्रश्न येतो, आणि उत्तर देताना आपली समजूत कितपत पक्की आहे याची रुजुवात करावी लागते.