तारखा चुकवू नकोस

इचलकरंजी

चि. निखिल,

तू पाठवलेला दादाचा रिपोर्ट मी नीट वाचला. मूत्राशयाचा कर्करोग आहे, पण अस्तर आणि त्याच्या लगतच्या थरापुरताच. स्नायूत शिरलेला दिसत नाही. शंभरातल्या साधारण पंचाहत्तर जणांचा आजार निदानाच्या वेळी स्नायूपर्यंत पोचलेला नसतो आणि अशांचं मूत्राशय बहुतेक वेळा वाचवता येतं. मूत्ररोगाच्या वॉर्डात मी आयुष्य काढलं, म्हणून हे तुला ठामपणे सांगते.

लघवी लाल झाली, दुखलं नाही, दोन दिवसांत आपोआप साफ झाली, म्हणून दादा गप्प राहिला. हा आजार असाच फसवतो. रक्त थांबलं म्हणजे गाठ गेली असं नसतं. पण आता त्यावरून त्याला बोल लावू नकोस. घरातल्या बायकांना मात्र हे आवर्जून सांग, कारण त्यांच्या लघवीतलं रक्त ‘उन्हाळी लागली’ म्हणून सोडून दिलं जातं आणि निदानाला उशीर होतो.

दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, आता पुढे काय, असं तू विचारलंस. रिपोर्टमध्ये ‘हाय ग्रेड’, म्हणजे जोमाने वाढणारा, असं लिहिलं आहे. तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचार, की काढलेल्या तुकड्यांत स्नायूचा भाग आला होता का? तो नसेल तर आजार किती खोल गेला आहे, हे खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून तीच जागा खरवडतात. ‘पुन्हा ऑपरेशन कशाला?’ म्हणून ते टाळू नका.

त्यानंतर बहुधा बीसीजी सुरू करतील. क्षयाची लस म्हणून बाळांना देतात, तोच कमजोर केलेला जंतू. १९७६ साली कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी तो मूत्राशयात सोडून गुण येतो हे दाखवलं. त्याने शरीराच्या संरक्षक पेशी तिथे गोळा होतात आणि कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडतात. आधी आठवड्याला एक असे सहा डोस, मग ठरावीक महिन्यांनी तीन-तीन. औषध नळीतून आत सोडलं की ते साधारण दोन तास धरून ठेवायचं. पुढचे सहा तास बसूनच लघवी करायची, संडासाच्या भांड्यात ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटांनी पाणी सोडायचं. थोडी जळजळ, अंगात कणकण एक-दोन दिवस चालते. पण थंडी वाजून ताप चढला किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर बीसीजी चालू आहे हे सांगून लगेच डॉक्टरांना गाठ.

दादाची बिडी आता कायमची बंद. धुरातली विषं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात, मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे तंबाखूचा धूर असतो. दादाने तरुणपणी कापडरंगाईच्या कारखान्यात काम केलं, तेही डॉक्टरांना सांग. रंगांच्या कारखान्यातले कामगार आणि हा कर्करोग यांचा संबंध जर्मनीत लुडविग रेन यांनी १८९५ सालीच दाखवला होता.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. हा आजार हरळीसारखा आहे, उपटली तरी पुन्हा फुटते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत साधारण दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा दुर्बिणीची तपासणी. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून लोक येईनासे होतात, आणि परत येतात तेव्हा आजार स्नायूत शिरलेला असतो. मग मूत्राशयच काढावं लागण्याची पाळी येते. त्यावरही उपाय आहेत. आतड्याच्या तुकड्यातून लघवीला नवी वाट करून देतात, पोटाला पिशवी लावून माणसं शेतात काम करताना मी पाहिली आहेत. काहींना केमोथेरपी आणि रेडिएशन देऊन मूत्राशय वाचवताही येतं. पण तिथवर जाऊ न देणं आपल्या हातात आहे. सगळे कागद तारखेप्रमाणे एका फायलीत लाव, पुढची तारीख स्वतःच्या फोनमध्ये टाक. हे काम दादावर सोपवू नकोस.

त्याच्यापासून काही लपवूही नका. कुजबुज ऐकून माणूस जास्त घाबरतो. आजार काय, उपचार काय, किती दिवस चालणार, हे समोर बसून सांग आणि त्याला प्रश्न विचारू दे. बीसीजीच्या पहिल्या डोसला मी सोबत येईन. तारीख मिळाली की कळव.

तुझी आत्या