बंगळुरूला निघालीस ना? मग आधी एक पत्र लिही

अगं, बंगळुरूला प्रवेश मिळाला आणि तेव्हापासून तुझी झोप उडालीय, हे तू न सांगताही कळतंय मला. शहर अनोळखी, कन्नडचा गंध नाही, सोबतीला कुबड्या, पांढरी काठी नाहीतर कानाचं मशीन. त्यात आई रोज एक नवी शंका काढतेय. आंघोळीचं कसं करशील? पाऊस आला तर? बघ, आईच्या शंकांवर चिडू नकोस. त्या वहीत उतरवून ठेव, खोली शोधताना कामाला येतील.

त्याआधी मात्र कॉलेजचा फॉर्म नीट भर. दिव्यांगत्वाचा रकाना असतो ना, तो कोरा सोडू नकोस. खरं सांगू का, आपल्यातल्या कितीतरी मुली तो मुद्दाम सोडतात. आधी आपली हुशारी दिसू दे, बाकीचं मग सांगू, असं वाटतं त्यांना. मग परीक्षा तोंडावर येते, लेखनिकासाठी धावाधाव सुरू होते आणि अर्जाची तारीख उलटून गेलेली असते.

हे काही तू उपकार मागत नाहीयेस गं. 2016 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, त्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं धरलीत. 40 टक्के किंवा जास्त असेल, तर सरकारी आणि अनुदानित संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात आणि वयाची अटही पाच वर्षांनी सैल होते. बंगळुरूत खासगी विद्यापीठं भरपूर. त्यांना हा जागांचा नियम नाही, पण समान संधीचं धोरण त्यांनाही जाहीर करावं लागतं. ते मागून घे आणि वाच. आणि तुझं प्रमाणपत्र 40 च्या खालचं असेल, तरी हिरमुसू नकोस. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला यूपीएससीने लेखनिक नाकारला होता. 11 फेब्रुवारी 2021 ला सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. 40 टक्क्यांची रेघ आरक्षणासाठी आहे, लेखनिकासाठी ती आड आणता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

आता ते पत्र. 'मला अडचण आहे, सहकार्य करावे' एवढंच लिहू नकोस, त्यावर कुणीही नुसती मान डोलावेल. नेमकं माग. माझे तास तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत ठेवा. स्लाइड्स आदल्या दिवशी मेल करा. परीक्षेत तासामागे 20 मिनिटं जादा हवीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. कुलसचिव आणि विभागप्रमुख, दोघांनाही मेल कर, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. काही ठिकाणी यासाठी वेगळं कार्यालयच असतं, आयआयएम बंगळुरूत आहे तसं. नसेल तिथे विचार, की हे काम कुणाकडे आहे?

दिसायला कमी असेल, तर अभ्यासाच्या फायली कशा देणार तेही विचारून ठेव. पुस्तकाच्या पानाचा नुसता फोटो काढून पीडीएफ दिली, तर मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यावर मुका होतो, त्याला अक्षरं लागतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. पुस्तकं तुला वाचता येतील अशा रूपात करून घ्यायला 2012 पासून कॉपीराइट कायद्याचीच मुभा आहे, आणि 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात अशी तयार पुस्तकंही सापडतात. गणित-विज्ञान आपल्याला कुठलं जमायला, असं कुणी म्हणालं तर विद्या वाय. यांचं नाव सांग. जन्मापासून अंध असलेल्या या बाईंनी हट्टाने गणित शिकून घेतलं, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ट्रिपल आयटीत एमएस्सी करून सुवर्णपदक मिळवलं आणि पुढे अंध मुलांना गणित-विज्ञान शिकवता यावं म्हणून सहकाऱ्यांसोबत 'व्हिजन एम्पॉवर' ही संस्था उभी केली.

आणि राहायची जागा! माझं ऐक, यात अजिबात घाई करू नकोस. पीजीवाले फोनवर सगळ्याला 'आहे, आहे' म्हणतात. लिफ्ट आहे? आहे. पण लिफ्टपर्यंत पोचायला आधी चार पायऱ्या, हे कुणी सांगत नाही. लाइट गेल्यावर ती जनरेटरवर चालते का, तेही विचार. व्हिडिओ कॉलवर मेजरिंग टेपने बाथरूमचं दार मोजून घे. व्हीलचेअरची रुंदी साधारण 25 ते 27 इंच असते, त्यामुळे दार तीस इंचांपेक्षा कमी असेल तर सरळ नाही म्हण. कमोड आहे का, धरायला दांडी आहे का, फरशी गुळगुळीत तर नाही ना? लाजू नकोस, रोज तिथे तुलाच जायचंय. 'रॅम्प आहे' म्हणाले तर किती लांब ते विचार. हिशेब सोपा आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. त्याहून आखूड असेल तो स्कूटर चढवायला केलेला. दांडी बसवून घ्यायची असेल, तर मालकिणीशी आगाऊ भाड्याआधी बोल. पैसे दिल्यावर मालकिणींची स्मरणशक्ती फार कमी होते.

कॉलेजजवळ राहा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, बंगळुरू विद्यापीठाच्या ज्ञानभारती परिसराजवळ स्टेशन आहे, 2025 च्या ऑगस्टपासून यलो लाइन इलेक्ट्रॉनिक सिटीतूनही जाते. पण स्टेशनाबाहेरचा फुटपाथ म्हणजे कुठे स्लॅब वर आलेला, कुठे मोटरसायकल उभी. ते शेवटचे पाचशे मीटरच जीव काढतात.

पैशांचं थोडक्यात सांगते. तंत्रशिक्षणाला असशील आणि 40 टक्के भरत असतील, तर एआयसीटीईची 'सक्षम' शिष्यवृत्ती बघ, वर्षाला 50,000 रुपये. उत्पन्नाची अट आहे, तेव्हा दाखला आधीच काढून ठेव. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, देशभर चालतं, महाराष्ट्रात काढलंयस म्हणून तिथे पुन्हा रांग लावायला नको.

कन्नडचंही टेन्शन घेऊ नकोस. मी मेसमध्ये 'बेकु' (हवं) आणि 'साकु' (पुरे) उलटसुलट करायचे. हवं असताना 'पुरे' म्हणायचे, मग अर्धपोटी उठायचे आणि नको असताना ताटात भाताचा डोंगर. तू हे दोन शब्द आजच पाठ कर. मैत्रिणी मदतीला येतील तेव्हा कशी मदत हवी तेही सांग. न विचारता कुणी व्हीलचेअर ढकलली, तर हसून पण स्पष्ट थांबव.

एवढं करूनही कुणी दाद दिली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांचं कार्यालय बंगळुरूतच आहे. बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही, तारखेचा मेल पाहून कार्यालयं हलतात. तेव्हा ऊठ, आज रात्रीच मसुदा लिही, आईला वाचून दाखव आणि उद्या पाठव. कार्डाची प्रत जोडायला विसरू नकोस हं.