‘ने’ची कसोटी

अगं, काल फोनवर अगदी रडवेली होऊन म्हणालीस, “आत्या, हे फ्रेंचमधलं स्युब्झोंक्तीफ पासे काही केल्या डोक्यात शिरत नाही.” माझ्याही शिरत नव्हतं. पहिल्याच तोंडी परीक्षेत ‘तू आलास याचा आनंद आहे’ हे सांगताना मी ‘क त्यु ए व्हन्यु’ म्हणून बसले. परीक्षकांची भुवई वर गेली आणि माझं पुढचं वाक्य घशातच राहिलं. बाहेर पायऱ्यांवर आमच्या बाईंनी एवढंच विचारलं, “मराठीत ‘त्याने आलं’ म्हणतेस का गं?” त्यांचेच हे कानमंत्र, थोडी माझी भर घालून.

१. नवं काही नाही, जुनंच जोडायचंय. पासे कोंपोझे येतो ना? त्यातलं सहायक क्रियापद तेवढं स्युब्झोंक्तीफमध्ये बदल, पुढचं रूप तेच. ‘त्यु आ फिनी’चं ‘त्यु ए फिनी’, ‘इल ए पार्ती’चं ‘इल स्वा पार्ती’. झालं.

२. सहायक क्रियापदं दोन, त्यांचे दोन पाढे घोक. आव्हवारचा: झे, त्यु ए, इल ए, नू-झेयों, व्हू-झेये, इल-झे. एत्रचा: झ स्वा, त्यु स्वा, इल स्वा, नू स्वायों, व्हू स्वाये, इल स्वा. कानाला सारखं लागतं तिथेच लिहिताना हात चुकतो. ‘इल ए’ हे ए-आय-टी. मधे ई घुसवू नकोस. आणि ‘आम्ही-तुम्ही’च्या रूपांत वाय आला की त्यामागे आय लावायचा नाही.

३. आव्हवार की एत्र? ‘ने’ लावून बघ. पण ‘तो’ धरून बघ, कारण ‘मी’ आणि ‘तू’ला ‘ने’ दिसत नाही. तो आला, गेला, निघाला, पोचला, पडला, राहिला, जन्मला, मेला: कुठेच ‘ने’ नाही, सगळीकडे एत्र. त्याने खाल्लं, पाहिलं, लिहिलं: आव्हवार. गंमत पुढेच आहे. ‘तो चढला’ला एत्र, पण ‘त्याने बॅग वर चढवली’ म्हटलं की फ्रेंचमध्ये क्रियापद तेच, मोंते, आणि सहायक मात्र आव्हवार. उतरला-उतरवलं, तसंच. कसोटी फसते ती धावला, हसला, झोपला, बोलला इथे. त्यांना ‘ने’ नसूनही आव्हवार लागतं. ती वेगळी पाठ कर. आणि क्रियापदाआधी ‘स्वतःला’ अर्थाचा ‘स’ असला की कसोटी बाजूला ठेवून सरळ एत्र.

४. शेपूट कोणामागे जातं ते बघ. एत्र असलं की रूप कर्त्यामागे: ती निघाली, तर ‘पार्ती’च्या शेवटी आणखी एक ई, उच्चार तोच. आव्हवार असलं की आपल्या कर्मणी प्रयोगाची आठवण ठेव. ‘त्याने पत्रं लिहिली’ यात क्रियापद पत्रांमागे जातं. फ्रेंचमध्येही जातं, पण कर्म आधी आलं असेल तरच. ‘किल ए एक्री ले लेत्र’ यात पत्रं मागून आली, म्हणून ‘एक्री’. ‘किल ले-झे एक्रीत’ यात ‘ती’ आधी आली, म्हणून शेवटचा ‘त’ ऐकूही येतो.

५. ‘पासे’ या नावाला भुलू नकोस. गोष्ट काल घडली का, हे विचारायचं नाही. मुख्य क्रियापदाच्या किंवा वाक्यात ठरवलेल्या वेळेआधी पुरी झालेली का, हे विचारायचं. ‘इल फो क त्यु ए फिनी’ आणि पुढे ‘सहाच्या आत’: सहा अजून वाजायचेत, तरी रूप हेच, कारण सहाला काम संपलेलं हवंय.

६. वाक्याचं तोंड आधी बघ. आनंद, खेद, शंका, गरज असली की स्युब्झोंक्तीफ. मराठीत ‘बरं झालं तू आलास’ म्हणताना ‘आलास’ बदलत नाही, म्हणून आपण तिथे हमखास विसरतो. ‘आशा आहे’ म्हणजे ‘झेस्पेर क’ मात्र साध्या रूपावर भागतं. ‘आव्हाँ क’ला स्युब्झोंक्तीफ, कारण गोष्ट अजून व्हायचीय. ‘आप्रे क’ला व्याकरणाने साधं रूप, कारण ती होऊन गेली. फ्रेंच माणसं स्वतः इथे सर्रास चुकतात. तू परीक्षेत चुकू नकोस.

७. माणूस एकच असेल तर हा खटाटोपच नको. ‘मी आले याचा मला आनंद आहे’ याला नुसतं ‘झ स्वी कोंताँत देत्र व्हन्यु’ पुरतं.

८. जुन्या कादंबऱ्यांत स्युब्झोंक्तीफ ॲम्पार्फे भेटेल. ओळखायला शिक, बोलायला जाऊ नकोस. फ्रान्सच्या शिक्षण खात्याने 1901 सालीच काही वाक्यांत त्याच्या जागी वर्तमानाचं रूप चालवून घेतलं. आज रस्त्यावर तो कुणी बोलत नाही.

निकाल लागला की मी तुला म्हणणार आहे: ‘झ स्वी कोंताँत क त्यु ए रेयुसी’, पास झालीस, आनंद झाला. ‘तो पास झाला’, ‘ने’ नाही, तरी आव्हवार. का, ते तू मला समजावून सांग. तेवढं जमलं की या आत्याची गरज संपली.